व्होल्टा आणि आमचे चार पेन्सिल सेल

मराठी विभागासाठी काहीतरी दे, असं मॅगझीनच्या ताई तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मी एकदाची हो म्हटलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी मी घरी बोलते, पण लिहायची सवय नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. एका शास्त्रज्ञाचं चरित्र लिहायला सांगितलं होतं. मी व्होल्टा निवडला. त्याचं कारण मोठं नाही. गेल्या हिवाळ्यात आमचा प्रोजेक्ट सातव्या दिवशी बंद पडला आणि त्याचा फटका माझ्या बाबांच्या संत्र्याच्या बगीच्याला बसला. का बंद पडला हे शोधता शोधता मी दोनशे वर्षं मागे गेले, आणि तिथे हा माणूस भेटला.

आधी प्रोजेक्ट सांगते. मी आर्वीची. वर्धा जिल्ह्यातली आर्वी. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना आर्वी म्हटलं की पुणे जिल्ह्यातलं नारायणगावजवळचं आर्वी आठवतं, जिथे १९७१ साली विक्रम उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. आमच्या आर्वीत मोठ्या अँटेना नाहीत. कापूस आहे, संत्री आहेत, आणि पुलगावहून येणाऱ्या, आता बंद पडलेल्या नॅरोगेज गाडीच्या आठवणी आहेत.

संत्र्याला आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाडाला तहान लागली पाहिजे, मग जानेवारीत ओलीत केलं की फुलं येतात. पण तहान किती, हे महत्त्वाचं. काळ्या भारी जमिनीत ताण जास्त दिवस चालतो, मुरमाड जमिनीत लवकर होतो. आमच्या वावरात नाल्याकडचा एक कोपरा मुरमाड आहे. तिथे बावीस झाडं आहेत. आम्ही तिघींनी ठरवलं की त्या कोपऱ्यात मातीचा ओलावा मोजणारं यंत्र लावायचं. एक मायक्रोकंट्रोलर, एक ओलाव्याचा सेन्सर, एक लोरा रेडिओ आणि चार पेन्सिल सेल. दर पंधरा मिनिटांनी तीन सेकंद जागं व्हायचं, मोजायचं, घरातल्या डिस्प्लेला आकडा पाठवायचा आणि परत झोपायचं. कल्पना काही आमची नव्हे. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी २००० च्या दशकातच नाशिककडच्या द्राक्षबागेत असे वायरलेस सेन्सर लावून पाहिले होते.

कागदावरचं गणित झकास होतं. सेलची क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास. जागेपणी सरासरी ६० मिलिअँपिअर, पण ते पंधरा मिनिटांत फक्त तीन सेकंद, म्हणजे सरासरी ०.२. झोपेत ०.०१. एकूण ०.२१. भागाकार केला तर ९५०० तास, म्हणजे तेरा महिने! रिपोर्टमध्ये आम्ही ते ठळक अक्षरांत छापलं. यंत्र लावून मी हॉस्टेलला परत आले.

सातव्या दिवशी ते मेलं. आणि आम्हाला कळलंच नाही, कारण घरातला डिस्प्ले शेवटचा आलेला आकडा दाखवतच राहिला. ३१. बाबा रोज सकाळी चहा पिताना पाहायचे, ३१. त्यांना वाटलं, मातीत ओल टिकून आहे. एकोणिसाव्या दिवशी त्यांचा फोन आला की हा आकडा हलत काऊन नाही. तोवर मुरमाड कोपऱ्यातल्या झाडांची पानं वळून पिवळी पडायला लागली होती.

आता व्होल्टाकडे येते.

अलेस्सांद्रो व्होल्टा १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीच्या उत्तरेला कोमो नावाच्या गावी जन्मला. तेव्हा इटली असा एक देश नव्हता, कोमोवर ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची सत्ता होती. घर खानदानी, पण पैसा फारसा उरला नव्हता. चार वर्षांचा होईपर्यंत पोरगं बोलेचना. घरच्यांनी मुकं समजून आशा सोडली होती म्हणतात. मग बोलायला लागला तो असा की सगळ्यांच्या पुढे गेला. सात वर्षांचा असताना वडील गेले. घरातले बरेच जण चर्चच्या सेवेत. शाळेतल्या पाद्र्यांना वाटे यानेही तिकडेच यावं, काकांना वाटे वकील व्हावं. याने दोघांचंही ऐकलं नाही. विद्यापीठाची डिग्रीही घेतली नाही. अठराव्या वर्षी मात्र तो त्या काळच्या नामांकित वीज-शास्त्रज्ञांना स्वतःहून पत्रं लिहीत होता. आपण सरांना ईमेल करायलाही तीनदा विचार करतो.

त्या काळची वीज म्हणजे घासून निर्माण होणारी वीज. काच घासा, राळ घासा, ठिणगी पाडा, संपलं. १७७५ साली त्याने इलेक्ट्रोफोरस नावाचं साधन लोकांपुढे आणलं. राळेची थाळी एकदाच घासायची आणि तिच्यावर धातूची थाळी ठेवून, बोट लावून, उचलून पुन्हा पुन्हा विद्युतभार काढायचा. याच्या आधी स्वीडनच्या विल्के याने तसंच काहीसं केलं होतं, पण नाव झालं ते व्होल्टाचं. पुढच्या वर्षी मॅजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून निघणारे बुडबुडे त्याने बाटल्यांत धरले. तो मिथेन होता. मग तो वायू ठिणगीने पेटवणारं पिस्तूल बनवलं. आणि कोमोहून मिलानपर्यंत लाकडी खांबांवरून तार नेऊन इथून ठिणगी टाकली तर तिथलं पिस्तूल उडेल, असा विचार १७७७ मध्ये मांडला. ते अंतर पुलगाव-आर्वीच्या ३५ किलोमीटर रुळांपेक्षा थोडंच जास्त. तारायंत्र येण्याच्या कितीतरी आधी त्याने संदेश पाठवायची ही युक्ती काढली होती. प्रत्यक्षात ते झालं नाही.

मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. पाठ्यपुस्तकात तो एका ओळीतही नसतो. व्होल्टा हा मुळात मोजणारा माणूस होता. १७७८ च्या सुमारास तो पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच राहिला. तिथे त्याने सुक्या गवताच्या दोन काड्या लटकवून विद्युतदाबमापक बनवला. भार आला की काड्या एकमेकींपासून दूर जातात, किती दूर ते पट्टीवर मोजायचं. पण काड्या हलणारच नाहीत इतका बारीक भार असेल तर? त्यासाठी १७८२ मध्ये त्याने कंडेन्सर वापरला. दोन थाळ्या अगदी जवळ ठेवायच्या, तो बारीक भार एका थाळीवर साठू द्यायचा आणि मग वरची थाळी उचलायची. भार तेवढाच राहतो, धारिता कमी होते, म्हणून व्होल्टेज वाढतं आणि काड्या हलतात. क्यू बरोबर सीव्ही, पहिल्या वर्षाचं गणित. एरवी शून्य दिसणारी गोष्ट शून्य नाही, हे तो काड्यांवर दाखवू शकत होता.

आमचं इथेच चुकलं होतं. यंत्र लावण्याआधी आम्ही करंट मोजला नव्हता असं नाही. मल्टीमीटरची मिलिअँपिअरची रेंज चालत नव्हती, आतला फ्यूज उडालेला. म्हणून आम्ही दहा अँपिअरच्या रेंजवर मोजला. झोपेतल्या यंत्राचा आकडा आला ०.०१. आम्ही म्हटलं, शून्यच आहे. ते ०.०१ अँपिअर होतं, म्हणजे दहा मिलिअँपिअर! मनातल्या ०.०१ मिलिअँपिअरशी तो आकडा दिसायला जुळला म्हणून आम्ही खूश झालो. व्हायव्हात हे कुणी विचारलं नाही, आम्ही पण सांगितलं नाही. आज छापून सांगतेय.

व्होल्टाच्या आयुष्यातलं मोठं भांडण १७९० च्या दशकातलं. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ मध्ये लिहिलं की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंनी स्पर्श केला की पाय झटका मारतो, म्हणजे वीज प्राण्याच्या अंगातच आहे. व्होल्टाने आधी वाहवा केली, मग स्वतः प्रयोग केले आणि मत फिरवलं. त्याचं म्हणणं, बेडूक हा फक्त एक नाजूक मीटर आहे, वीज येते ती दोन वेगळ्या धातूंच्या संपर्कातून. त्याने स्वतःच्या जिभेवर कथील आणि चांदी ठेवून चव पाहिली. पुढे डोळ्यांवर आणि कानांतही प्रयोग केले. कानातला मात्र पुन्हा केला नाही, डोक्यात काहीतरी उकळल्यासारखं वाटलं म्हणून घाबरला. खरं तर दोघेही अर्धे बरोबर होते. शरीरात वीज असते, त्यावरच ईसीजी चालतो.

दोघांच्या नशिबात मात्र फरक पडला. नेपोलियनने उत्तर इटली जिंकल्यावर नव्या राजवटीची शपथ घ्यायला गॅल्व्हानीने नकार दिला. त्याची नोकरी गेली आणि तो डिसेंबर १७९८ मध्ये वारला. व्होल्टा ऑस्ट्रिया आली तर ऑस्ट्रियाशी, फ्रान्स आला तर फ्रान्सशी जुळवून घेत राहिला. हे मला फारसं आवडत नाही. पण बायको आणि तीन मुलं असलेल्या माणसाला हॉस्टेलच्या खोलीत बसून नावं ठेवणं सोपं आहे.

२० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत पत्र लिहिलं. त्यात चांदीची चकती, जस्ताची चकती, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, परत चांदी, जस्त, पुठ्ठा, अशी तीस, चाळीस, साठ जोड्यांची चळत वर्णन केली होती. दोन्ही टोकांना ओले हात लावले की झटका बसतो आणि परत लावले की परत बसतो. घासावं लागत नाही. ही पहिली बॅटरी. ही रचना त्याने टॉर्पेडो माशावरून मांडली होती. या माशाच्या अंगात चकत्यांच्या चळतींसारखे अवयव असतात, त्यांनी तो झटका देतो. व्होल्टाने आपल्या यंत्राला कृत्रिम विद्युत अवयव असंच म्हटलं होतं. पण मासा दिवसभर झटके देत बसत नाही. वाळूत पडून राहतो, शिकार आली की दोन-चार झटके, की परत पडून राहतो. ड्यूटी सायकल आपण मायक्रोकंट्रोलरच्या धड्यात शिकतो, मासा ती फार आधीपासून पाळतोय. व्होल्टाने माशाची चळत घेतली, पण त्याची झोप घेतली नाही. चळत एकदा रचली की तिचं खर्च होणं चालूच राही. वरच्या चकत्यांच्या वजनाने पुठ्ठ्यातलं पाणी पिळून निघे, कडांवरून ओघळे, आणि तार जोडलेली असो वा नसो, जस्त आपलं झिजत राही. पाण्याच्या त्रासावर त्याने कपांची माळ काढली, एकेका कपात मिठाचं पाणी आणि दोन धातू. जस्ताचं मात्र काही करता आलं नाही.

आणि इथे या थोर माणसाची चूक आहे. जस्त झिजतं म्हणून वीज मिळते, हे त्याला पटलंच नाही. त्याच्या मते वीज दोन धातूंच्या नुसत्या संपर्कातून येत होती, मधलं पाणी फक्त वाट करून देत होतं. गंजणं, सुकणं या किरकोळ कटकटी. नाहीतर हे यंत्र जवळजवळ कायम चालेल, असंच तो मानत होता. ज्याने बॅटरी बनवली त्याच्या हिशेबात बॅटरीचा खर्च नव्हता! याच चळतीने त्याच वर्षी लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्याचं पृथक्करण केलं. म्हणजे रसायनं डोळ्यांसमोर बुडबुडे काढत होती. तरी त्याने मत बदललं नाही.

आमचा खर्च कुठे जात होता ते मला आर्वीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी दाखवलं. दुकान एवढंसं, आता मोबाईलचे चार्जर जास्त आणि रेडिओ कमी. मी त्यांना आमचा कोड दाखवायला लागले तर त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. यंत्र नुसतं पडून असताना काय पिऊन राहिलं ते आधी पाहू म्हणाले. सेलच्या तारेत त्यांनी दहा ओहमचा रेझिस्टर घातला आणि त्याच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजले. १२० आले. म्हणजे १२ मिलिअँपिअर. झोपेत! २००० भागिले १२, म्हणजे १६७ तास, म्हणजे सात दिवस. मायक्रोकंट्रोलर बिचारा खरंच झोपलेला होता. त्याच्या आजूबाजूचे जागे होते. बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर स्वतःच्या पोटासाठी ५ मिलिअँपिअर घेत होता, पॉवरचा लाल एलईडी २ आणि ओलाव्याचा सेन्सर, जो आम्ही कायमचा सप्लायला जोडून ठेवला होता, तो ५. हे सगळं त्या-त्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. आम्ही फक्त मायक्रोकंट्रोलरची डेटाशीट वाचली होती, कारण तीच हुशार चिप वाटते.

मग आम्ही एलईडी गरम करून काढून टाकला. काही मायक्रोअँपिअरवर भागवणारा रेग्युलेटर बसवला. सेन्सरचा सप्लाय एका मॉस्फेटमधून दिला, म्हणजे मोजायच्या वेळेपुरताच चालू. पंधरा मिनिटांऐवजी तासाने एकदा मोजायचं ठरवलं, कारण पंधरा मिनिटांत मातीत काही फरक पडत नाही, तो हट्ट आमचाच होता. परत मोजताना दहा ओहमवर काही दिसेना, म्हणून एक हजार ओहम घातला. त्यात एक गंमत आहे. यंत्र जागं झालं की ६० मिलिअँपिअर मागतं, ते एक हजार ओहममधून जाणार कसे? ते लगेच रिसेट होतं. म्हणून रेझिस्टरला समांतर एक तार धरून ठेवायची आणि यंत्र झोपलं की हळूच काढायची. बाळ झोपल्यावर हात काढून घेतात तशी. ३० मिलिव्होल्ट आले, म्हणजे ०.०३ मिलिअँपिअर. कंडेन्सरची थाळी उचलताना व्होल्टाला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

व्होल्टाचं पुढचं आयुष्य मानसन्मानाचं. १८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले. सुवर्णपदक मिळालं, पेन्शन मिळालं, पुढे सिनेटर आणि १८१० मध्ये काउंट झाला. शिकवणं सोडायचं म्हणाला तेव्हा नेपोलियनने सोडू दिलं नाही. नवं संशोधन मात्र जवळजवळ थांबलं. बॅटरी लोकांच्या हाती देऊन तो बाजूला झाला.

१८१४ च्या उन्हाळ्यात मिलानमध्ये त्याला दोन इंग्रज भेटले. एक प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही आणि दुसरा त्याचा बावीस वर्षांचा मदतनीस, पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करून आलेला. तो मायकेल फॅरडे. जवळपास सत्तरीचा काउंट आणि सामान सांभाळणारं हे पोरगं एका खोलीत होते. पुढे १८३० च्या दशकात याच पोराने किती वीज गेली तर किती धातू खर्ची पडतो याचं गणित मांडलं आणि नुसत्या संपर्काने कायमची वीज मिळणं म्हणजे शून्यातून शक्ती निर्माण होणं, ते शक्य नाही, असं ठामपणे सांगितलं. बॅटरीच्या मिलिअँपिअर-तासाचा आपला हिशेब तिथून येतो. व्होल्टा तोवर राहिला नव्हता. १८१९ मध्ये निवृत्त होऊन तो कोमोजवळच्या कामनागोच्या घरी गेला होता आणि ५ मार्च १८२७ रोजी, ८२ व्या वर्षी, वारला.

१८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत विद्युतदाबाच्या एककाला व्होल्ट हे नाव मिळालं. १८९९ मध्ये बॅटरीची शंभर वर्षं म्हणून कोमोला मोठं प्रदर्शन भरवलं होतं, त्याला आग लागली आणि त्याची बरीचशी मूळ उपकरणं जळाली. त्याचं जस्त मात्र टिकून आहे. आमच्या चार पेन्सिल सेलमध्ये तेच, फक्त चांदीच्या जागी मँगनीज डायऑक्साइड आणि मिठाच्या पाण्याऐवजी अल्कली.

त्या बावीस झाडांना फूल कमी आलं. बाबा काही बोलले नाहीत. आईने एकदाच विचारलं की एवढं शिकून घड्याळ बंद पडलं की चालू आहे ते कळत नाही का. म्हणून आता डिस्प्लेवर आकड्याखाली तो कधी आला ती वेळ आणि सेलचं व्होल्टेजही दिसतं. तीन तास काही आलं नाही तर आकडा पुसला जातो आणि नुसत्या रेघा दिसतात. हे करायला कोडच्या सहा ओळी लागल्या.

दुरुस्त केलेलं यंत्र नाल्याकडच्या कोपऱ्यात लावून चार महिने झाले. काल फोनवर विचारलं तर सेलचं व्होल्टेज ५.८ होतं. ओलाव्याचा आकडाही बाबांनी वाचून दाखवला, वेळेसकट. आणि तरीही, आई सांगत होती, ते रोज सकाळी तिकडे जातात आणि काडीने माती उकरून पाहतात.